गिऱ्हाइकापुरते पद

महादेवपुऱ्यातल्या ज्या काचेच्या इमारतीत माझी लेक नोकरीला जाते, तिच्या फाटकावर माझी नोंद 'विक्रेता' अशी झाली. खंडेनवमीचा दिवस होता. इकडे कानडी मुलखात त्या दिवशी आयुधपूजा करतात. गॅरेजवाला पान्यांची करतो, रिक्षावाला रिक्षाची आणि या कचेऱ्यांतून संगणकांची. त्यांचे नेहमीचे भटजी गावी गेले होते, म्हणून लेकीने मला विचारले आणि मी पूजेचे साहित्य पिशवीत घेऊन गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अदबीने विचारले, "डेझिग्नेशन काय सर?" मी म्हणालो, "पूजा सांगायला आलो आहे." त्याच्या पडद्यावर पाहुणा, उमेदवार आणि विक्रेता एवढेच पर्याय होते. पाहुण्याला न्यायला आतले कोणी तरी खाली यावे लागते आणि उमेदवार होण्याचे माझे वय नव्हते. "स्वल्प ॲडजस्ट माडी, सर," म्हणजे जरा सांभाळून घ्या, असे म्हणून त्याने मला विक्रेता केले आणि तसे छापलेली पट्टी माझ्या गळ्यात घातली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मनुष्याला आधी एक पद चिकटवल्याशिवाय आत सोडायचे नाही, हा त्या घराचा धर्मच होता.

आत सातव्या मजल्यावर निराळाच घोळ चालला होता. पूजेला यजमान म्हणून कोणी बसावे, हे ठरत नव्हते. ज्याचे आयुध त्याने पुजावे, हा साधा संकेत आहे. परंतु तेथे तीन पुरुष उभे होते. एक त्या जागेचा प्रमुख, दुसरा त्या विभागाचा प्रमुख आणि तिसरा कसल्याशा परिवर्तनाचा प्रमुख. तिघांची पदे समान उंचीची असल्याने एकाने बसणे म्हणजे दुसऱ्या दोघांना उणे लेखणे होते. मुहूर्त टळू लागला. शेवटी मी तिघांनाही एकाच रांगेत पाटावर बसवले आणि संकल्पात तिघांची गोत्रे विचारली. एकालाही आपले गोत्र सांगता आले नाही. आपले पद मात्र तिघांनी न विचारता सांगितले. ज्या यंत्रांना मी गंध लावले त्यांतले एकही या तिघांपैकी कोणी स्वहस्ते चालवीत नव्हते, हे मला लेकीने परतताना गाडीत सांगितले.

माझी लेक त्या यंत्रांवर काम करते. तिला या धंद्यात पुष्कळ वर्षे झाली आणि तेवढ्या अवधीत तिचे काम जवळजवळ तेच राहिले आहे: समोरचा व्यवहार समजून घ्यायचा, तो यंत्राला कळेल अशा भाषेत लिहायचा, चुकला तर शोधून दुरुस्त करायचा. नावे मात्र ऋतूंप्रमाणे बदलली. प्रथम ती प्रोग्रामर होती. मग तो शब्द हलका ठरला आणि सगळे एका दिवसात सॉफ्टवेअर इंजिनिअर झाले. पुढे ती डेव्हलपर झाली, नंतर कन्सल्टंट. तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा गृहस्थ ज्या खुर्चीत बसून, ज्या डब्यातून चपाती-भाजी खात प्रोग्रामर होता, त्याच खुर्चीत बसून, त्याच डब्यातून खात तो आर्किटेक्ट झाला. त्याने जन्मात विटेवर वीट ठेवली नव्हती. अलीकडे तर एका सोमवारी त्यांच्या मजल्यावरचे अर्धे लोक कृत्रिम बुद्धिमत्तेचे अभियंते म्हणून उजाडले. शुक्रवारी ते कोण होते, हे विचारावेसे कोणालाच वाटले नाही, कारण शुक्रवार कोणाच्या लक्षातच नव्हता.

यांतल्या दोन पदांनी मला विशेष उद्वेग दिला. त्यांच्यात एक 'इव्हँजेलिस्ट' होता, म्हणजे शब्दशः धर्मप्रचारक. त्याचा धर्म कोणता, म्हणून विचारले तर कळले की तो माहिती साठवण्याच्या एका पद्धतीचा प्रचार करतो आणि ती पद्धत पुढच्या वर्षी मोडीत निघणार आहे. दुसरा एक स्वतःला 'डेटा गुरू' म्हणवीत असे. गुरू हा शब्द मी आयुष्यात एकाच माणसाच्या संदर्भात उच्चारला आहे आणि तोही पायांवर डोके ठेवताना.

माझे अध्ययन सीमाभागातल्या एका पाठशाळेत झाले. तेथे घनपाठी, म्हणजे वेदाचा सर्वांत अवघड पाठ मुखोद्गत असलेला, ही पदवी कोणी कोणाला देत नसे. वृद्ध वैदिकांची सभा बसे, विद्यार्थी मध्यभागी बसे आणि सभेतला कोणीही, कोठूनही, एखादे पद उच्चारून 'पुढे म्हण' असे सांगू शके. अडखळला तर तो खाली मान घालून उठे आणि पुन्हा वर्षभर घोकत राही. म्हटले, तर त्या दिवसापासून लोक त्याला तसे म्हणू लागत, एवढेच. आमचे गुरुजी मोठ्या अधिकाराचे वैदिक होते. पत्राखाली ते केवळ आपले नाव आणि गाव लिहीत. मी त्या मर्यादेत वाढलो, म्हणून या काचेच्या घरातला नावांचा उद्योग पाहताना मला प्रथम हसू येई आणि पुढे पुढे तेही येईनासे झाले.

आमच्या वसाहतीतल्या बागेत संध्याकाळी आम्ही काही निवृत्त मंडळी बसतो. त्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. मूळचे बेळगावकडचे, नोकरीचा शेवटचा काळ के. आर. पुरमला काढलेले. मुलांच्या पदांची बातमी त्यांना सगळ्यांच्या आधी लागते.

"काय ओ गुरुजी, तुमची लेक डायरेक्टर झाली म्हणे? आणि पेढा नाही की काही नाही!"

"कोणी सांगितले?"

"माझी सून इंटरनेटवर बघितली की! फोटोच्या खालीच लिवलंय. आमचा मुलगा बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे, पण त्याच्या मजल्यावर पाण्याचा जार बदलणारा तेवढा एकटा व्हाइस प्रेसिडेंट नाही. बाकी सगळे आहेत. तुमचं खरं आहे का तसलंच?"

मला काही ठाऊक नव्हते. घरी येऊन लेकीला विचारले. ती कणीक मळत होती. तिने वर न पाहता सांगितले, "अप्पा, ते फक्त गिऱ्हाइकासाठी आहे."

मग तिने मला त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगितली. ती मी येथे नीट लिहितो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. या कंपन्यांत माणसाला दोन पदे असतात. एक आतले, ज्यावर त्याचा दर्जा ठरतो, आणि एक बाहेरचे, जे समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला दाखवायचे. गिऱ्हाइकाच्या बाजूने डायरेक्टर बोलणार असेल, तर इकडूनही डायरेक्टरच बोलला पाहिजे. साधी इंजिनिअर बोलली, तर त्यांचा अपमान होईल, अशी यांची समजूत. माझी लेक आत आता पुन्हा इंजिनिअर होती. दर गुरुवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाशी पडद्यावर बोलणे होई, तेवढ्यापुरती ती डायरेक्टर असे. हे पद तिच्या विभागाच्या प्रमुखाने तिला दिले होते आणि तिच्या नावाखाली, सगळीकडे दिसेल असे, त्यानेच चढवले होते. दशावतारी खेळात राजाचे काम करणारा गडी मुकुट उतरवून मगच जेवायला बसतो. येथे मुकुट उतरवण्याचीसुद्धा कोणाला आठवण राहत नसे.

"तू हरकत का घेतली नाहीस?" मी विचारले.

"घेतली. तर म्हणाला, 'अगं, नुसतं नाव आहे, त्याने काय फरक पडतो?'"

काय फरक पडतो, ते पौषात कळले. कंपनीच्या परदेशातल्या धन्यांनी ठरवले की मधले थर फार झाले, ते काढावेत. थर म्हणजे माणसे. पण माणसे काढावीत असे म्हणणे त्यांच्या रीतीत बसत नाही. ज्यांच्या नावाखाली मॅनेजर किंवा डायरेक्टर असे काही लिहिलेले आहे, त्यांना निवडण्याचे काम त्यांनी एका यंत्राला सांगितले. यंत्राला आतले पद आणि बाहेरचे पद यांतला भेद कोणी शिकवला नव्हता. माझी लेक, जी सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतः लिहीत होती आणि जिच्या हाताखाली एकही माणूस नव्हता, ती काढायच्या थरात सापडली.

तिला हे काम मनापासून आवडते. घरात तिची आई गेल्यानंतर ती ज्या एका गोष्टीकडे निश्चिंतपणे वळत असे ती ही होती. जावई मर्चंट नेव्हीत, वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर. या वयात बाईमाणसाला या धंद्यात नव्याने कोण उभे करणार, हे तिला पुरते ठाऊक होते. दोन दिवस ती जेवणाच्या ताटावर नुसती बसत होती.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. तिचा प्रमुख येलहंक्याहून, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाहून, आमच्या घरी आला. मूळचा पुण्याचा, चाळिशीतला, बोलण्यात अत्यंत गोड. तीन यजमानांपैकी विभागाचा प्रमुख तो हाच. मला वाकून नमस्कार केला, सोफ्यावर बसला आणि चहा येण्यापूर्वीच कामाचे बोलू लागला.

"काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी सगळं सॉर्ट केलंय." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "हे बघ, तुला परत इंजिनिअर म्हणून दाखवता येतं. फक्त एक छोटी फॉर्मॅलिटी आहे. एक मेल टाकायची, की डायरेक्टर हे टायटल तू स्वतः, चुकून, वापरत होतीस. दॅट्स इट. मग लिस्टमधून नाव बाहेर."

"मी चुकून?" लेक म्हणाली.

"म्हणजे, तसं फ्रेम करायचं."

"माझ्या नावाखाली ते कोणी टाकलं होतं?"

"अगं, मीच टाकलं, नाही कुठे म्हणतोय? पण मी ते लिहिलं, तर माझ्यावर येईल ना! मी ऑलरेडी लिस्टच्या काठावर आहे."

"म्हणजे तू काठावर आहेस म्हणून मी पाण्यात उडी मारू?"

"उडी कुठे? तू तर वाचतेयस! पाच मिनिटांचं काम आहे. आणि एक सांगायचं राहिलं, रिपोर्टिंग तुझं त्या हुबळीच्या मुलीला होईल. ती आता लीड आहे."

हुबळीची ती मुलगी कॉलेजातून थेट आली तेव्हा माझ्या लेकीनेच तिला वर्षभर शेजारी बसवून काम शिकवले होते. आमच्या घरी ती दिवाळीला येऊन गेली होती.

"त्याचं मला काही नाही," लेक म्हणाली. "ती चांगलं लिहिते. तुझ्यापेक्षा तर नक्कीच."

तो मोकळेपणाने हसला. आपला अपमान झाला आहे हे त्याला कळले नाही, की कळूनही त्याची त्याला सवय होती, हे मी सांगू शकत नाही. निघताना त्याने मला पुन्हा वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुम्ही समजवा तिला. शेवटी टायटल म्हणजे काय, हवा आहे नुसती."

मी आशीर्वाद दिला. घरी आलेल्या माणसाला तो देतो. परंतु त्या हवेसाठी खंडेनवमीला पाटावर बसायला आसुसलेला हाच मनुष्य होता आणि ती हवा आपल्या अंगावर येताच ती दुसऱ्याच्या नाकातोंडात कोंबायलाही हाच निघाला होता. इतक्या पातळ जीवाचा मला तिरस्कार वाटला. तो लपवण्याचे मला आजही कारण दिसत नाही.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. "अप्पा, देऊ का लिहून? नाहीतर जाईल नोकरी."

मी म्हणालो, "रोज संध्या करताना वाणीने घडलेल्या पापाची क्षमा मागायची असते. जे खोटे तू बोललीस, त्याची मागता येईल. जे तू बोललीच नाहीस, ते आपले म्हणून लिहून दिलेस, तर ते नवे खोटे होईल. त्याची क्षमा कोणत्या तोंडाने मागशील?"

तिने दिव्याची वात पुढे सारली. मग म्हणाली, "पण मी अगदीच निर्दोष नाही ना. दर गुरुवारी तो 'आमच्या डायरेक्टर' म्हणायचा आणि मी मान हलवायचे. एकदाही नाही म्हटलं नाही."

"मग तेवढेच कबूल कर."

"तेवढं त्यांना नकोय, अप्पा. त्यांना सगळं हवंय."

"त्यांना काय हवे, ते मी विचारले नाही."

ती उठून गेली. तिने ती मेल लिहिली नाही आणि दुसरीही काही लिहिली नाही. प्रमुखाचे फोन येत राहिले. ती "बघते" एवढेच म्हणे. मलाही तिच्या मनात काय आहे, ते उमजले नाही.

गुरुवार आला. ती घरूनच काम करीत होती. तिच्या खोलीचे दार उघडे होते आणि मी बाहेर विष्णुसहस्रनामाचा पाठ संपवून बसलो होतो. पडद्यावर तिचा प्रमुख नेहमीप्रमाणे सगळ्यांची ओळख करून देत होता. गिऱ्हाइकाकडून एक वयस्क बाई होत्या. त्यांच्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी नवा मनुष्य येई, म्हणून हा ओळखीचा विधी दर वेळी नव्याने होत असे. तो इंग्रजीत म्हणाला, "आणि या अर्थातच आमच्या डायरेक्टर."

"एक मिनिट," लेक म्हणाली. "मी डायरेक्टर नाही. कधीच नव्हते. हे नाव मला या बैठकांसाठी दिलं होतं आणि मी ते चालू दिलं, ती माझी चूक. मी इंजिनिअर आहे. तुमचा हा प्रोग्राम मी लिहिते."

प्रमुखाने घसा खाकरला आणि काही तरी गुळगुळीत बोलू लागला, तेव्हा त्या बाईंनी त्याला थांबवले.

"म्हणजे मागच्या महिन्यात आमचे आकडे जुळत नव्हते, ते तुम्ही स्वतः दुरुस्त केले?"

"हो."

"बरं झालं सांगितलंत. आमच्याजवळ बारीकसारीक प्रश्न साठले आहेत. डायरेक्टरला असले प्रश्न विचारणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही ते आपापसातच सोडवत बसलो होतो. अर्धे चुकीचे सोडवले असतील. आता विचारू का?"

आणि तासभर त्यांनी विचारले. लेक उत्तरे देत होती, मधून मधून पडद्यावर काही उघडून दाखवत होती. प्रमुखाचा आवाज त्या तासात पुन्हा ऐकू आला नाही.

मी बाहेर बसून जे ऐकले त्याचा अर्थ माझ्या मनात सावकाश उतरला. ज्या गिऱ्हाइकाचा मान राखण्यासाठी हे सोंग उभे केले होते, त्या गिऱ्हाइकाला त्या सोंगाचा अडथळाच होत होता. इकडचे मान ताठ करून बसले होते, म्हणून तिकडचे संकोचून गप्प होते आणि मध्ये काम खोळंबले होते. इतके शहाणे लोक, इतकी महागडी यंत्रे, आणि एवढी साधी गोष्ट कोणी एकदा विचारूनसुद्धा पाहिली नव्हती. मूर्खपणालाही काही मर्यादा असावी, असे आमचे गुरुजी म्हणत. ती येथे कोठे दिसेना.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. प्रमुखाने बोलणे टाकले. नोकरी राहते की जाते, हे कोणी सांगेना. लेकीने टेबलाच्या खणातले आपले सामान हळूहळू घरी आणायला सुरुवात केली. एके दिवशी कॉफीचा मग आला, दुसऱ्या दिवशी आईचा छोटा फोटो. मी काही विचारले नाही. बागेत रेल्वेवाल्यांनी विचारले, "काय ओ, डायरेक्टरबाई कशा आहेत?" मी म्हणालो, "त्या घरी कधीच राहत नव्हत्या." "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असे म्हणून त्यांनी विषय बदलला. त्या सौजन्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

नंतर माणसांचा कारभार पाहणाऱ्या खात्यातून निरोप आला. त्या खात्यातल्या बाईंचे पद 'पीपल पार्टनर' असे आहे. माणसांशी कसली भागीदारी करतात, ते त्यांना ठाऊक. गिऱ्हाइकाच्या बाईंनी वर लिहिले होते की आम्हाला प्रोग्राम लिहिणारी हीच बाई हवी. तेव्हा माझी लेक राहिली. इंजिनिअर म्हणून राहिली, आणि हुबळीच्या मुलीच्या हाताखाली. चूक तिचीच, असे तिने लिहून देण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही, कारण खरे काय ते भर बैठकीत सगळ्यांनी ऐकले होते. ज्या बैठकांत कामाची दिशा ठरते त्यांत मात्र तिला आता बोलावत नाहीत. ते तिला लागते. ती म्हणत नाही, पण मला दिसते.

प्रमुखाला काढले नाही. असली माणसे काढली जात नाहीत. त्यांचे नाव तेवढे बदलते. तो आता परिवर्तनाचा सल्लागार आहे.

नवी व्यवस्था सुरू झाली त्या सकाळी लेक घरीच होती. पूजा आटोपून मी तीर्थ द्यायला तिच्या खोलीत गेलो, तेव्हा तिचा फोन वाजत होता. पलीकडे हुबळीची मुलगी होती आणि तिचा आवाज रडवेला होता.

"अक्का, मला काल रात्रीपासून कळतच नाहीये काय चुकतंय. आणि मला रिपोर्ट करा म्हणून तुम्हाला कसं सांगू, तेही कळत नाहीये. मला लाज वाटते, अक्का."

"लाज राहू दे बाजूला," लेक म्हणाली. "स्क्रीन दाखव. कुठं अडलंय?"

तिने उजवा तळवा माझ्यासमोर धरला. मी तीर्थ घातले. ते प्राशन करून, हात डोक्यावरून फिरवून ती पडद्याकडे वळली आणि दोघी कामाला लागल्या. त्या मुलीचे त्या आठवड्यातले पद काय होते, ते लेकीने मला सांगितले होते, मी विसरलो. मागाहून तेही बदलले, असे ऐकतो.